ओल झाकू नका, पाण्याची वाट शोधा

 

चैत्र सरत आला. कुणाच्या खळ्यात काजूची बी वाळते आहे, कुणाकडे आंब्याच्या पेट्या भरणं चालू आहे, कुणी आमसुलांची तयारी करतंय. लाकूडफाटा, मीठ-मसाला, पापड, सुकी मासळी अशी पावसाळ्याची बेगमी आपण दरवर्षी न चुकता करतो. पण ज्या घरात ही बेगमी ठेवायची, ते घर पावसाला तयार आहे का, हे मात्र आपण मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर बघतो. मग इथे बादली ठेव, तिथे टोप ठेव, गाद्या हलव, तांदळाची कणगी मधल्या खोलीत आण, अशी धावपळ होते. ही धावपळ करतं कोण? आपणच.

म्हणून आजचा विषय घराची ओल. गेल्या काही वर्षांत आमच्या गटांकडे घरदुरुस्तीच्या कर्जाच्या मागण्या वाढल्या आहेत. गावात गाड्या फिरतात. 'वॉटरप्रूफिंग करून देतो, दहा वर्षांची गॅरंटी' असं सांगणारी माणसं दारात येतात. काम चांगलं करणारी माणसं आहेत, नाही असं नाही. पण खर्च मोठा असतो, आणि कर्ज आपल्या नावावर असतं. म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. ओल दिसते ती भिंतीवर, पण तिचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. मूळ न शोधता भिंतीला काहीही फासलं, तर पैसे वाहून जातात आणि ओल तशीच राहते.

आधी पाऊस किती ते बघू. आपल्या कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर आंबोलीला तर ७००० मिलिमीटरच्या आसपास. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते एक लिटर पाणी होतं. आता तुमच्या घराचं छप्पर ५०० चौरस फुटांचं आहे असं धरा. ३००० मिलिमीटरच्या हिशेबाने त्या एका छपरावर चार महिन्यांत सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चौदा टँकर. हे सगळं पाणी तुमच्या घराच्या चारी बाजूंना उतरतं. ते कुठे जातं, हा पहिला प्रश्न.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या वहिनींनी २२ हजारांचं कर्ज मागितलं. माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, पांढरा लोणा सुटलेला. त्यांच्याकडे आलेल्या माणसाने सांगितलं होतं, भिंत आतून खरवडतो, दोन हात केमिकलचे मारतो, वर पुट्टी आणि रंग. आम्ही म्हटलं, कर्जाला ना नाही, पण आधी सगळ्या मिळून भिंत बघू. पाच जणी गेलो. आतून बघितलं, मग मागच्या बाजूला गेलो. तिथे काय होतं? घर बांधताना उरलेले चिरे आणि माती भिंतीलाच टेकून रचलेली. ढीग जोत्याच्याही वर चढलेला. वरची पन्हळ फुटलेली, त्यामुळे अर्ध्या छपराच्या पागोळ्या बरोबर त्या ढिगावर. म्हणजे भिंत चार महिने ओल्या मातीत उभी. आतून किती हात मारले असते तरी काय झालं असतं?

वहिनींनी दोन गडी लावले, ढीग उचलला, जोतं मोकळं केलं, नवी पन्हळ बसवली, आणि पाणी लांब जाईल असा चर काढला. खर्च २२ हजारांच्या पाव हिश्शातही बसला. भिंत लगेच सुकली नाही, हेही सांगायला हवं. एवढी मुरलेली ओल निघायला महिने लागतात. पण त्या पावसात ओल वर चढली नाही, आणि यंदा उन्हात भिंत कोरडी झाली आहे. आता त्या रंग काढतील, तो टिकेल.

तर मैत्रिणींनो, पाणी घरात चार वाटांनी येतं. वरून, बाजूने, खालून आणि आतून. ही चार नावं लक्षात ठेवा. एकेक वाट बघू.

पहिली वाट, वरून. छप्पर कौलारू असेल तर आपल्या सासू-आजेसासूंना ठाऊक होतं तेच काम, कौलं चाळून घेणं. मंगलोरी कौलं १८६५ पासून बनतायत, आणि नीट राखलेलं कौलारू छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण दरवर्षी हात फिरायला हवा. फुटलेलं, सरकलेलं कौल बदलायचं. कौलांच्या खाचांत पाला आणि शेवाळ साचलं की पाणी उलटं चढतं, ते झाडून काढायचं. आढ्यावरच्या कोन्यांचं सिमेंट तडकलं असेल तर तिथून पाणी थेट आढ्याच्या लाकडावर जातं, आणि मागून वाळवी येते. छपराचा उतार कमी असेल तर वाऱ्याबरोबर पाणी कौलाखाली घुसतं. अशा छपराला कौलं बदलून फायदा नाही, उतारच सुधारावा लागतो.

पत्रा असेल तर स्क्रू बघा. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटतो आणि त्या भोकातून थेंब येतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात नको, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहतं. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यावर कुणालाही चढू देऊ नका, ते अचानक मोडतात. आणि त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडायचे, घासायचे, कापायचे नाहीत, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

स्लॅब असेल तर तीन जागा तपासा. एक, पाणी जाण्याचा पाइप पाल्याने तुंबलाय का. दोन, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा. तिथे गवंडी गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात. वाटा तुटला असेल तर पाणी तिथूनच आत जातं. तीन, उतार. दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार हवा. स्लॅबवर बादलीभर पाणी ओता आणि बघा. पाणी पाइपाकडे न जाता डबकं करून बसलं, तर दोष उतारात आहे. त्यावर नुसता पांढरा किंवा निळा रंग मारून दोन पावसाळेही निघणार नाहीत.

दुसरी वाट, बाजूने. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा मारतो. त्याला आपण झड म्हणतो. जुन्या घरांना पडवी होती, छपराच्या वळचणी लांब बाहेर आलेल्या होत्या. शिवाय पावसाआधी पश्चिमेच्या बाजूला चुडतांचे झाप बांधायचे. भिंतीवर झड लागूच द्यायची नाही, हा त्या लोकांचा हिशेब होता. आता आपण सपाट स्लॅबची, बिनपडवीची घरं बांधतो आणि मग भिंत भिजते म्हणून रंगाला दोष देतो.

चिरा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत कठीण होतो, पण पाणी शोषायचा गुण जात नाही. म्हणून झडीच्या भिंतीला आधी आडोसा द्या. पत्र्याची पुढे काढलेली शेड असो की झाप, आडोशाने जे होतं ते डब्यातल्या केमिकलने होत नाही. त्यानंतर गिलाव्याच्या तडा बघा. तड असेल तर ती कोरून, भरून, मग बाहेरून रंग. रंग बाहेरून, हे लक्षात ठेवा. छत्री आपण अंगाच्या बाहेर धरतो, तसंच हे. खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेला एक खाच ठेवायला गवंड्याला सांगा. त्या खाचेशी पाणी तुटून खाली पडतं, नाहीतर ते छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येतं. नवीन बांधकामात या खाचेला जवळजवळ काही खर्च येत नाही.

तिसरी वाट, खालून. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. ही ओल साधारण तीन फुटांपर्यंत चढते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा दिसतो. पाण्याबरोबर आलेले क्षार भिंतीवर सुकून बसतात, तोच हा लोणा. तुमच्या भिंतीची ओल खाली जास्त आणि वर कमी असेल, आणि पाऊस थांबून महिना झाला तरी राहत असेल, तर वाट बहुधा खालची आहे.

यावर पहिलं काम कुदळ-फावड्याचं. भिंतीला टेकलेली माती काढा, जोतं उघडं करा. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडेल अशी पन्हळ लावा. घराभोवती दोन-तीन फुटांची फरसबंदी किंवा कोबा करा, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. न्हाणीघराचं आणि भांडी घासायच्या जागेचं पाणी परसातल्या माडांना, केळींना सोडा, जोत्याशी मुरू देऊ नका.

आणि एक काम टाळा. ओल्या भिंतीला आतून कडक सिमेंटचा गिलावा करू नका. पाण्याला बाहेर पडायला जागा राहिली नाही, की ते आणखी वर चढतं. तीन फुटांवरची ओल चार फुटांवर दिसू लागते. मातीच्या आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा बरा, त्यातून ओल हळूहळू बाहेर पडते. भिंतीला ओळीने भोकं पाडून त्यात औषध भरायची पद्धतही आहे. माहीतगार माणसाने केली तर तिचा उपयोग होतो. पण ती महाग आहे, आणि बाहेरची माती-पाणी आधी हटवल्याशिवाय ती करायची नाही.

ज्यांना घरकुल मंजूर झालंय त्यांनी हे खास ऐका. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवून दिले होते. एवढ्या पैशांत घर उभं करताना प्रत्येक जण काहीतरी कापतो. पण जोत्यावर, भिंत सुरू होण्याआधी, ओल अडवणारा काँक्रीटचा थर घालतात, तो कापू नका. दीड इंचाचा थर असतो, त्यात पाणी अडवणारं औषध मिसळलेलं असतं. तो एकदाच घालता येतो. भिंत उभी राहिल्यावर त्याच कामाला कितीतरी पट खर्च येतो. गवंडी जोत्यावर आला की स्वतः उभ्या राहा आणि थर पडलेला बघा.

चौथी वाट, आतून. ही कुणाच्या लक्षात येत नाही. चार-पाच माणसांचा श्वास, पेजेची वाफ, आंघोळीचं गरम पाणी, आणि घरातच दोरीवर वाळत घातलेले कपडे. एक बादली कपड्यांतून दोन-तीन लिटर पाणी सहज हवेत जातं. ते जातं कुठे? थंड भिंतीला आणि पत्र्याला जाऊन लागतं. सकाळी पत्र्याखाली थेंब दिसतात आणि आपण म्हणतो पत्रा गळतो. पत्रा गळत नसतो, पत्र्याला घाम आलेला असतो.

मग गळती की घाम, हे ओळखायचं कसं? एक सोपी परीक्षा आहे. भिंत कापडाने पुसा. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आपल्या बाजूला पाणी जमलं, तर ती घरातल्या हवेतली वाफ. भिंतीच्या बाजूला जमलं, तर पाणी भिंतीतून येतंय. दहा रुपयांच्या आत ही परीक्षा होते.

घामावर उपाय हवेचा. स्वयंपाकघराच्या भिंतीत वर झरोका ठेवा. पावसाने उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा. कपाट, पेटी, गादी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कपड्यांसाठी पडवीत जागा करा. जुन्या घरात चुलीच्या धगीने वासे कोरडे राहायचे. आता गॅस आला, ते चांगलंच झालं, पण मग हवेची वाट आपल्याला मुद्दाम ठेवावी लागते.

पत्र्याच्या घराला आणखी एक उपाय आहे, आणि तो मे महिन्यातल्या उकाड्यालाही लागू पडतो. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा प्लायचं दुसरं छत करायचं. मधली हवा पत्र्याची धग खाली येऊ देत नाही, आणि पावसात घरातली वाफ थेट गार पत्र्याला भिडत नाही. ही मधली हवा खेळती राहायला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची. बाजारात चांदीसारखी चमकणारी, फुग्यांची शीटही मिळते. पत्रा आणि शीट यांच्यामध्ये अंतर असेल तरच ती नीट काम करते, पत्र्याला चिकटवली तर अर्धा उपयोग गेला. थर्मोकोल स्वस्त असतो, पण तो झटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चुलीच्या, गॅसच्या, वायरिंगच्या जवळ तो नको.

आता कुणी म्हणेल, ओल काय, कोकणात असायचीच. असं म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा, श्वासाचे विकार जास्त होतात, असं त्यात म्हटलं आहे. घरात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? आपण, लहान मुलं आणि म्हातारी माणसं. पावसाळ्यात ज्या पोराला रोज रात्री खोकला येतो, त्याच्या अंथरुणामागची भिंत एकदा बघा.

बुरशी काढताना ती कोरडी झाडू नका, तिचे कण हवेत उडतात. तोंडाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्याने ओल्या कापडाने पुसा, कापड टाकून द्या. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ओल्या भिंतीवर विजेचं बटण असेल तर आधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळायला लागली की ते लगेच पुरवठा तोडतं. ओल्या घरात ते जीव वाचवतं.

आता पैशांचं बोलू. प्रत्येक ओल फावड्याने जात नाही. काही कामांना खरोखर खर्च करावाच लागतो. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या ताई एकट्या, दोन मुलांना घेऊन राहतात. त्यांच्या स्लॅबला उतारच नव्हता. शेजारी सांगत होते, डांबर फासा, भागेल. गटाने स्लॅब बघितला आणि ठरवलं, हे काम पक्कं करायचं. नवीन कोबा, उतार, वाटे आणि वरून कोट. त्यासाठी गटाने कर्ज दिलं. पण देताना अट घातली की ठेकेदाराचे पैसे तीन भागांत जातील. एक भाग सुरुवातीला, एक काम झाल्यावर, आणि शेवटचा चौथा हिस्सा नारळी पौर्णिमेला. ठेकेदार कुरकुरला. पण त्याच वाडीत गटातल्या आणखी तीन घरांची कामं होती, म्हणून तयार झाला. आषाढात एका कोपऱ्यातून पाणी आलं. फोन केल्यावर तो चौथ्या दिवशी आला, वाटा पुन्हा केला. ताई म्हणाल्या, पैसे राहिले होते म्हणून आला, नाहीतर मी एकटी कुठे शोधत फिरले असते?

यातून आम्ही एक यादी केली. काम देताना गटाने हे प्रश्न विचारायचे. पाणी नक्की कुठून येतंय आणि ते तुम्ही कशावरून ठरवलं? बाहेरून काय करणार आणि आतून काय? माल कोणता, किती डबे लागतील, किती हात मारणार, दोन हातांमध्ये किती वेळ सोडणार? गॅरंटी कशाची, नुसत्या मालाची की मजुरीचीही, आणि ती पावतीवर लिहून देणार का? स्लॅबचं काम असेल तर पाणी भरून परीक्षा दाखवणार का? ही परीक्षा म्हणजे पाइपाचं तोंड बांधून स्लॅबवर दोन-तीन इंच पाणी निदान २४ तास ठेवायचं आणि खालून बघायचं. पहिल्याच प्रश्नावर जो 'बघायची गरज नाही, केमिकल मारलं की झालं' असं म्हणेल, त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

डबे आपल्यासमोर उघडायला लावा. सील आणि तारीख बघा. रिकामे डबे मोजून घरात ठेवा. कोट मारायचा असेल तर भिंत किंवा स्लॅब पूर्ण कोरडा हवा, म्हणून हे काम वैशाखातच उरकायचं. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारायचं, आणि ते मारायची जबाबदारी कुणाची हेही आधी ठरवायचं. विहिरीचं पाणी मे महिन्यात तळाला जातं, त्यामुळे हा प्रश्न लहान नाही.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. घराचं काय करायचं हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात. ठेकेदारही 'मालकांना बोलवा' म्हणतो. पण गळतं कुठे, कुठल्या वाऱ्याला गळतं, कुठला कोपरा किती दिवस ओला राहतो, याची माहिती आपल्याकडे असते. कर्जाचा हप्ताही आपण भरतो. म्हणून कर्जाच्या अर्जाबरोबर घरातल्या दोघांनीही पाहणीला हजर राहायचं, असा नियम आमच्या गटांनी केला आहे. सुरुवातीला हसले लोक. आता घरधनी स्वतः शिडी घेऊन येतात. आणि हो, ग्रामपंचायतीत जाऊन नमुना नंबर आठचा उतारा काढा. घरावर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. नसतील तर अर्ज करा. ज्या घराला आपण पैसा आणि कष्ट लावतो, त्याच्या कागदावर आपलं नाव असायला हवं.

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर किल्लारीची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. त्यानंतर शेकडो गावांत घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम झालं, तेव्हा महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घर मजबूत कसं करायचं ते त्या शिकल्या, शेजारणींना समजावलं, कामावर लक्ष ठेवलं. त्यातल्या कितीतरी जणी त्याआधी गावच्या सभेत बोललेल्याही नव्हत्या. त्यांना जमलं, ते आपल्यालाही जमेल.

आमचा विचार असा आहे. प्रत्येक वाडीतल्या गटाने वैशाखात चार घरांची पाहणी करायची, एका वहीत लिहायचं. घर कुणाचं, ओल कुठे, वाट कोणती, उपाय काय. फावड्याचं काम आपण एकमेकींकडे हातोहात करू, भातलावणीला जातो तसं. ठेकेदाराचं काम असेल तर पाच-सहा घरांचं एकत्र देऊ, म्हणजे दर आपण ठरवू. आणि ज्या मुलींना, सुनांना आवड असेल त्यांनी गवंडीकामातलं, रंगकामातलं प्रशिक्षण घ्यावं. पाहणी करणं, पन्हळी बसवणं, तडा भरणं, बांबूची छतं विणणं, ही सगळी पावसाआधीची रोजगाराची कामं आहेत. छपरावर चढणं मात्र शिकलेल्या माणसाचं, आणि एकटीने कधीच नाही.

आता या आठवड्याचं काम. हा कार्यक्रम संपल्यावर घराला बाहेरून एक फेरी मारा. पश्चिमेच्या भिंतीपासून सुरू करा. वर बघा, भिंत बघा, जोतं बघा, मग आत येऊन पेट्या सरकवून मागे बघा. जिथे ओलीचा डाग असेल त्याच्या कडेने कोळशाने रेघ ओढा आणि आजची तारीख लिहा. गटाच्या पुढच्या बैठकीत वही आणा. ज्यांना कर्ज लागेल त्यांनी ते याच महिन्यात मागा. रोहिणी नक्षत्र लागल्यावर गवंडीही मिळत नाही आणि कोरडी भिंतही.

कोळशाची ती रेघ पुसू नका. श्रावणात बघायची आहे, ओल तिच्या अलीकडे थांबली की पलीकडे गेली.